डोकी मोजणाऱ्या अक्का

अक्का पहिल्यांदा आमच्या घरी आल्या, तेव्हा दारात चपला काढता काढताच त्यांनी विचारलं, "किती जण तुम्ही?"

मी म्हणालो, "दोघंच."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. ओट्यापाशी सरोजा भांडी घासत होती. "आणि ही?"

"ती कामाला येते."

"रोज येती नव्हं? चहा इथंच पिती, हातपाय इथंच धुती. मग दोघंच कसे ओ? अडीच म्हणा की."

नेहा, माझी बायको, हसू दाबत आत निघून गेली. मी मात्र त्या प्रश्नावर अडकून राहिलो. व्हाइटफील्डच्या त्या संकुलात चार वर्षं राहून मी कुणाच्या घरात किती माणसं आहेत हे कधी विचारलं नव्हतं. अक्का आल्यापासून पंधरा दिवसांत चारही इमारती त्यांना पाठ झाल्या होत्या. कोणत्या घरात म्हातारा सासरा आहे, कुठे तीन मुलं भाड्यानं राहतात, पहारेकरी किती, माळी किती, सगळं.

त्या निपाणीकडच्या एका खेड्यातल्या निवृत्त शिक्षिका. यजमान वारल्यावर मुलगा महेश त्यांना बेंगळुरूला घेऊन आला. आमच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर त्याचं घर. बोलणं सीमाभागातलं, मराठीत कन्नड मिसळलेलं. तिकडच्या बायकांसारख्या त्याही स्वतःबद्दल "मी येतो, मी सांगतो" म्हणायच्या. माझ्या पुणेरी कानांना पहिले काही दिवस ते खटकलं, मग आवडायला लागलं. संकुलातल्या कन्नड शेजाऱ्यांनी त्यांना अक्का म्हटलं, म्हणून आम्हीही.

मोजायची सवय त्यांना जनगणनेनं लावली होती. नोकरीच्या काळात तीनदा त्यांना त्या कामावर पाठवलं होतं. इतर शिक्षक कुरकुर करायचे. अक्का पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन निघायच्या. शेतातली वस्ती, वीटभट्टी, ऊसतोडीच्या खोपी, एकही दार त्यांनी सोडलं नाही. एका खोपीत त्या चार माणसांची नावं लिहीत होत्या आणि पलीकडे पडद्याआड बाई बाळंत होत होती. कागद पुरा व्हायच्या आत बाळ रडलं. "चाराचे पाच केले आणि मगच सही घेतली," त्या सांगायच्या. "एक जरी राहिला तर सगळी मोजणी खोटी."

मी संकुलाच्या समितीवर पाण्याचं काम बघत होतो. फेब्रुवारीत चारपैकी दोन बोअर आटले, मार्चमध्ये तिसरा. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास एवढंच पाणी. बाकी सगळी भिस्त टँकरवर, आणि टँकरवाला फोन उचलेल त्या दिवशी आमचं नशीब उघडायचं. मी ऑफिसच्या मीटिंगमधून उठून टँकरच्या ड्रायव्हरला "अण्णा, प्लीज" म्हणून विनवायचो. लहान मुलं असलेली दोन कुटुंबं गावी निघून गेली.

अशाच एका संध्याकाळी खालच्या बाकावर अक्का भेटल्या. मी वैतागलेला होतो. म्हणालो, "अक्का, खरा प्रॉब्लेम लोकसंख्येचा आहे. एवढी माणसं एका शहरात आली तर पृथ्वी तरी कुठून पुरणार?"

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पृथ्वी पुरत नाही हे खरं. जमिनीला पिल्लं होत नाहीत, पाण्यालाही होत नाहीत. आहे तेवढंच. पण एक सांगा, लोकसंख्या म्हणताना तुमच्या डोळ्यापुढं कोण येतंय?"

मी फाटकाबाहेरच्या गर्दीकडे हात केला.

"नेहमी दुसराच येतो, नव्हं? स्वतःला कोण धरत नाही. माझ्या आईला नऊ झाली, पाच जगली. मला दोन. महेशला एक. पोरींना शाळेत घातलं, तसा पाळणा थांबला. मी डोळ्यांनी बघितलाय, दहा दहा वर्षांनी त्याच घरांत जाऊन. माणसाची हाव मात्र कोण शाळेत घातली नाही बघा."

तेव्हा मी विषय बदलला.

पुढच्या रविवारी क्लबहाउसमध्ये सभा भरली. अध्यक्षांनी दोन ठराव मांडले. एक, आणखी खोल बोअर मारायचा. दुसरा, मागच्या कुंपणाजवळचा नळ बंद करायचा. कुंपणापलीकडे नवी इमारत उभी राहत होती, आणि तिचे मजूर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. त्यांच्या बायका कुंपणाच्या फटीतून पाइप घालून त्या नळाचं पाणी भरायच्या. "त्यांची संख्या रोज वाढतेय," अध्यक्ष म्हणाले. "आपल्यालाच पुरत नाही, त्यांना कुठून देणार?" बऱ्याच माना डोलल्या. माझीही डोलली. लपवत नाही.

मागच्या रांगेतून अक्का उभ्या राहिल्या. महेश त्यांचा पदर ओढत होता.

"मला इथं मत नाही, ठाऊक आहे," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, मग तेच हिंदीत. "पण वाढतेय म्हणता, तर किती ते कोणी मोजलं? आठ दिवस द्या. मी मोजून सांगतो. मग खुशाल बंद करा."

कुणीतरी हसलं. अध्यक्षांनीही हसतच आठ दिवस दिले. एका म्हातारीला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अक्का माझ्या दारात. हातात लांबडी वही. "चला. पाण्याचे सभासद तुम्ही, मग मोजायला मी एकटी कशाला?"

शेडमध्ये मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. रायचूरकडची माणसं होती. यल्लम्मा नावाच्या बाईनं आम्हाला बसायला पोतं अंथरलं. अक्कांनी नावं लिहिली, तान्ह्या बाळांची वयं महिन्यांत विचारली, मग प्रत्येक घरात रोज किती घागरी येतात ते. नुसतं विचारून थांबल्या नाहीत. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ नळाजवळ स्टूल टाकून बसल्या आणि प्रत्येक घागर वहीत मांडली. यल्लम्माच्या घरी पाच माणसं. त्यांचं भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना जायचं आणि भांड्यांचं दारातल्या शेवग्याला.

संकुलातल्या घरांना पाण्याचे मीटर नव्हते. अक्कांनी प्लंबरकडून चार मीटर मिळवले, चार इमारतींतली चार घरं निवडली आणि मला म्हणाल्या, "पहिलं घर तुमचं."

मला भीती नव्हती. आम्ही दोघं दिवसभर बाहेर, पाणी तासभरच येणारं. पण तो तास सुरू झाला की आम्ही पिंपं, बादल्या, टब भरायचो आणि दुसऱ्या दिवशी ताजं पाणी आलं की कालचं ओतून द्यायचो. पाणी शुद्ध करायचं यंत्र पेलाभर प्यायला द्यायचं आणि तीन पेले मोरीत सोडायचं. कपड्यांचं मशीन अर्धं भरून चालायचं. आठवड्यातून दोनदा गाडी धुतली जायची. दोन दिवसांनी अक्कांनी आमचा मीटर वाचला, वहीत काहीतरी भागाकार केला आणि वही मिटली.

"किती?" मी विचारलं.

"तुमचं दोघांचं पाणी," त्या म्हणाल्या, "शेडमधल्या तीन घरांएवढं. तिथं सतरा डोकी आहेत."

सरोजा झाडू हातात घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"सभेत तुमचं घर वाचू का?" अक्कांनी विचारलं. "नको म्हणालात तर नाही वाचणार. नाव गाळून सांगतो."

तो रविवार येईपर्यंत मी नीट जेवलो नाही. नेहा एवढंच म्हणाली, "त्यांनी आपली लाज राखायची तयारी दाखवली. आता आपण काय करायचं ते तू ठरव."

सभेत अक्का वही घेऊन उठल्या तेव्हा मीही उठलो. म्हणालो, "पहिलं घर मी वाचतो. ते माझं आहे." आकडे वाचले, सतरा माणसांचं सांगितलं, गाडीचं आणि टबाचंही सांगितलं. मग सी इमारतीतल्या एक बाई उभ्या राहिल्या, "आमच्याकडे पण मीटर लावा. आमचं याहून जास्त निघेल." आणखी एक उठले. आणखी एक. अक्कांनी उरलेली तीन घरं वाचलीच नाहीत, वही मिटून खाली बसल्या.

नळ बंद करण्याच्या ठरावाला एकही हात वर झाला नाही. घरोघर मीटर बसवायचं ठरलं. बोअरचा प्रश्न उरला होता. तेव्हा अक्कांनी आमच्या म्हाताऱ्या माळ्याला, मुनियप्पाला, हाताला धरून पुढे आणलं. मोजणीत तोही आला होता, आणि अक्कांनी नाव-वय विचारता विचारता त्याच्याशी गप्पा मारल्या होत्या. हे संकुल ज्या शेतांवर उभं आहे, त्या शेतांत तो लहानाचा मोठा झाला होता. इतक्या वर्षांत त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

"इल्लि बावि इत्तु," तो जनरेटरच्या खोलीमागे बोट दाखवत म्हणाला. इथं विहीर होती.

बांधकामाच्या वेळी राडारोडा टाकून ती बुजवलेली होती. नव्या बोअरऐवजी ती विहीर उपसायचं अध्यक्षांना पटायला आणखी दोन सभा लागल्या, पण पटलं. पिढ्यान्‌पिढ्या विहिरी खणणारी माणसं आली. विटांचे तुकडे, सिमेंटची पोती, मोडकं कमोड, काय काय बाहेर निघालं. चाळीस फुटांवर जुना दगडी तळ लागला. कोरडा ठणठणीत. गच्च्यांवरचं पावसाचं पाणी वाळू आणि खडीतून गाळून तिथं सोडायचे पाइप बसले. संकुलातल्या टवाळांनी नाव ठेवलं, अक्कांचा खड्डा.

अक्कांनी ते ऐकलं. म्हणाल्या, "खड्डाच आहे. तुम्ही जमिनीतनं आजवर काढलासा, आता स्वल्प परत द्या. घेणाऱ्याला लाज नाही वाटली, देणाऱ्याला कशाला वाटावी?"

त्या वर्षी पाऊस बरा झाला. पण बेंगळुरूत पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाणी नसतं, त्यामुळे कोणी हुरळून गेलं नाही. मीटर मात्र काम करत होते. आम्ही टबात पाणी साठवणं सोडलं, शुद्ध करायच्या यंत्राचं वाया जाणारं पाणी फरशीला वापरायला लागलो. लिफ्टमध्ये लोक क्रिकेटसारखे एकमेकांचे आकडे विचारू लागले.

आणि मग एप्रिल आला. आमच्या रस्त्यावर सकाळपासून टँकरची रांग लागलेली. एकही आमच्या फाटकात वळत नव्हता, कारण आम्ही बोलावलाच नव्हता. त्या रविवारी मुनियप्पानं दोराला दगड बांधून विहिरीत सोडला. कठड्याभोवती सगळं संकुल जमलं होतं. कुंपणाची फट मोठी करून शेडमधली माणसंही आली होती, यल्लम्मा कडेवर पोर घेऊन पुढे. दोर वर आला. त्यानं हातानं ओला भाग मापला, पुन्हा मापला आणि ओरडला, "हदिनाल्कु अडि!" चौदा फूट पाणी. भर एप्रिलात. आणि आटलेल्या तीनपैकी दोन बोअर पुन्हा चालू झाले होते, हे प्लंबरनं तिथंच सांगितलं.

काय गलका झाला! अध्यक्षांनी मुनियप्पाला मिठी मारली. डी इमारतीतल्या आजींनी कठड्याला हळदकुंकू वाहिलं. कुणीतरी थाळी बडवायला लागलं. मी अक्कांना शोधत होतो. त्या गर्दीच्या मागे उभ्या होत्या आणि चक्क नाचत होत्या, दोन्ही हात वर करून, एका जागी गिरक्या घेत. सत्तरीच्या बाईला असं नाचताना मी पाहिलं नव्हतं. महेश लाजून लाल झाला होता आणि नेहा त्यांच्याबरोबर फेर धरत होती.

त्याच वर्षी दिवाळीनंतर त्या गावी परतल्या. तिकडे त्यांची थोरली बहीण एकटी होती. यशवंतपूर स्टेशनवर पोचवायला आम्ही सतरा-अठरा जण गेलो. मुनियप्पानं गुलछडीचा हार आणला होता, तो त्यांनी गळ्यात घालून घेतला आणि काढलाच नाही. मला म्हणाल्या, "तुम्ही सभेत उठलासा, तेव्हा सगळं झालं. मी नुसती वही धरून होतो."

"तसं नाही अक्का," मी म्हणालो.

"तसंच आहे. आकडा कोणीही सांगतो ओ. आपला आकडा सांगायला छाती लागती."

गाडी सुटली. रुमाल वगैरे त्यांनी काही हलवला नाही. समोरच्या बाकावरच्या कुटुंबाशी त्यांच्या गप्पा केव्हाच सुरू झाल्या होत्या.

आता आमच्या रस्त्यावरच्या आणखी पाच संकुलांत विहिरी झाल्या आहेत. त्यांच्या सभांना मी जातो, मोडक्या कन्नडमध्ये बोलतो, आणि आधी स्वतःच्या टबाची गोष्ट सांगतो. हसतात लोक. मग मीटर लावतात.

गेल्या महिन्यात हे सांगायला अक्कांना फोन केला. पलीकडून यंत्राची घरघर आणि माणसांचा आरडाओरडा. गावचा तलाव गाळानं भरला होता, तो उपसायला त्यांनी सगळं गाव कामाला लावलं होतं. मी "अक्का, इथं पाचवी विहीर..." एवढं म्हणालो तोच पलीकडे एकदम कल्लोळ उठला.

"थांबा, थांबा!" त्या ओरडल्या. "झरा फुटला! लागलं ओ, लागलं! ठेवतो आता!"

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.