दोन मशिनं, एक फरशी

नवऱ्याला दमा आहे. घरात कोरडा झाडू मारायचा नाही, धूळ उडता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासूबाईंना ते पटत नव्हतं. त्यांना पटत नाही म्हणून मला जरा जास्तच पटत होतं. माझा स्वभावच तसा आहे.

त्या रविवारी राइट टाउनमधल्या आमच्या घरी दोन व्हॅक्यूम क्लीनर समोरासमोर आले. दोन्ही बिनपिशवीचे, पारदर्शक डब्यात धूळ जमवणारे. एक मी दुकानातून, नाही पटलं तर परत करायच्या बोलीवर आणलेलं, दुसरं नणंदेचं. मशीनच हवं तर लेकीचं काय वाईट, असं सासूबाईंचं म्हणणं. नवऱ्याला आतल्या खोलीत बसवून दाराच्या फटीला ओला टॉवेल लावला.

"साध्या धुळीवर काय पाहायचं? हे उचलून दाखव," म्हणत सासूबाईंनी रांगोळीचा डबा आणून दोन मुठी फरशीवर फेकल्या. आमच्याकडे रांगोळी म्हणजे भेडाघाटच्या मूर्तिकारांकडची संगमरवराची भुकटी, पिठाहून बारीक.

नणंदेचं मशीन गरजलं खूप, पण त्याच्याच हवेनं भुकटी पुढे पळत सुटली. माझ्या मशीननं एका फेरीत फरशी साफ केली. फरशीच्या सांध्यांत मात्र पांढऱ्या रेघा राहिल्या. सासूबाईंनी तिथून बोट फिरवून माझ्यासमोर धरलं.

"हे काहून राहिलं?"

"तुमच्या लेकीच्या मशीननं अर्धी सोफ्याखाली लोटली, ती नाही दिसत?"

एप्रिलची दुपार, अंगाला घामाच्या धारा. रागारागात मी पंख्याचं बटण दाबलं आणि वर्तमानपत्र पसरलं. "डबे ओतून बघू. ज्याचा ढीग मोठा ते ठेवू."

"थांब, अंगणात जाऊन..." त्या म्हणाल्या. तोवर मी दोन्ही डबे उघडले होते.

खोली पांढरी झाली. मशिनं थांबली म्हणजे आटोपलं, असं समजून नवऱ्यानं नेमकं तेव्हाच दार उघडलं. एक ठसका आला, मग नुसती छातीतली शिट्टी. सासूबाईंनी त्याला ओढत बाहेर अंगणात नेलं. मी त्याचा दम्याचा पंप शोधत होते. टेबलावर नाही, कपाटात नाही, शेवटी उशीखाली सापडला. दोन फवाऱ्यांनी काही झालं नाही. त्याचे ओठ काळवंडले होते. हा माणूस माझ्या हट्टापायी जातो, एवढंच मनात येत होतं. आणखी दोन फवारे दिले. बऱ्याच वेळानं त्याचे खांदे खाली आले.

"पंखा कोणी लावला?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडलं, पण सासूबाई आधी बोलल्या. "मीच लावला बाबा. गर्मी होऊन राहिली होती."

"आई, तुला किती वेळा सांगायचं?" तो चिडला. त्या पदरानं त्याचा चेहरा पुसत राहिल्या. मी एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही.

आता कोणी पाहुणे आले की तो हा किस्सा सांगतो, आईच्या वेंधळेपणाचा म्हणून. त्याही सगळ्यांबरोबर हसतात, माझ्याकडे न बघता.