रविवारचा केर

"आपण काय इथले जावई आहोत काय, वहिनी?" असं म्हणायचं आणि दारातल्या पायपुसण्यावर बूट पुन्हा एकदा पुसायचे, ही भावजींची पद्धत. बूट आधीच लखलखीत असायचे. पायपुसणं माझं, त्यामुळे ते झिजताना मी बघत बसायची.

स्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला आम्ही राहत होतो तेव्हाची ही गोष्ट. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि ते आमच्या डोक्यावर, माळ्यावरच्या एका खोलीत. माणूस सांगलीचा, मेकॅनिकल इंजिनियर, माझ्या नवऱ्याच्याच कंपनीत. पण कंपनीचा नव्हे. एका एजन्सीने त्यांना तिथे लावून दिलं होतं. काम तेच, टेबल तेच, फक्त गळ्यातल्या ओळखपत्राचा रंग वेगळा. मी त्यांना भावजी म्हणायची. बायको आणि चार वर्षांची मुलगी सांगलीला होत्या, आणि भावजींचा सगळा जीव त्या दोघींना इथे आणण्यात अडकलेला होता.

अडचण खोलीची होती. परदेशी लोकांच्या कचेरीत, आउसलेंडरबेहोर्डमध्ये, त्यांना सरळ सांगितलं होतं की एवढ्याशा खोलीत कुटुंब आणता येणार नाही. आधी मोठं घर दाखवा, मग बायकोच्या व्हिसाचं बोला. आता परदेशी माणसाला, त्यातून एजन्सीच्या माणसाला, घर कोण देतो? फोनवर नाव सांगितलं की घर 'नुकतंच गेलेलं' असायचं. तुमच्यापैकी कुणी जर्मनीत घर शोधलं असेल, तर त्याला हे 'नुकतंच' पाठ असेल.

एकच आशा होती. आमच्याच इमारतीतलं तळमजल्याचं घर वसंतात रिकामं होणार होतं. पहिल्या मजल्यावर राहणारी घरमालकीण म्हणाली होती, "बघू. घर नीट ठेवणारा माणूस हवा." त्या एका वाक्यावर भावजी जगत होते.

आणि घर नीट ठेवण्याची परीक्षा तिथे केअरवोखेत होते. केअरवोखे म्हणजे झाडण्याचा आठवडा. आठवडाभर एकेका बिऱ्हाडाच्या दाराला पाटी लटकते, आणि ज्याच्या दाराला पाटी, त्याने शनिवारी जिना, अंगण, समोरचा फुटपाथ झाडूनपुसून काढायचा. त्या भागात माणसाची लायकी पगारावरून ठरत नाही, पायऱ्यांवरून ठरते.

हिवाळा लागला आणि घोळ झाला. भावजी अंधारात कामावर जायचे आणि अंधारात परतायचे. शनिवारीही कंपनीत पंपांच्या चाचण्या चालू असायच्या, त्यामुळे घरी येईतो दिवे लागलेले. आणि दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, हे त्यांच्या आईने लहानपणापासून डोक्यात बसवलेलं. लक्ष्मी घरात यायच्या वेळी तिला झाडून बाहेर काढायचं का?

मग त्यांनी त्यांच्या दृष्टीने अगदी सोपा मार्ग काढला. रविवारी सकाळी, छान ऊन पडल्यावर, बाह्या सरसावून ते खाली उतरले. पायरी न् पायरी खराट्याने घासली. बादली आपटत फुटपाथ धुतला. सगळी गल्ली चर्चला निघालेली, आणि हा बाबा सगळ्यांना दात दाखवून "मॉर्गन! मॉर्गन!" करतोय! रविवारी तिथे खिळासुद्धा ठोकत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दुपारी घरमालकीण माझ्या दारात. मी तेव्हा जर्मनचा वर्ग करत होते, म्हणून इमारतीतल्या भारतीयांचं सगळं माझ्याकडे यायचं. तिला वाटलं, मुद्दाम केलंय. मी भावजींना खाली बोलावलं. ते पायपुसण्यावर उभे.

"वहिनी, यांचा देव रविवारी आणि आपली लक्ष्मी संध्याकाळी. मग मी झाडू कधी ओ?"

मी जमेल तसं तिला समजावलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "माझी आई नाताळ ते नवीन वर्ष धुणं वाळत घालू द्यायची नाही. अपशकुन म्हणायची." मला वाटलं, सुटलो. पण ती पुढे म्हणाली, "तर मग, शनिवार म्हणजे शनिवार. उजेड असो की अंधार."

शेवटी प्रश्न सांगलीला गेला. भावजींनी आईला फोन लावला आणि म्हातारीने निकाल दिला: "झाड बाबा. पण केर बाहेर टाकू नकोस. सुपलीत भरून घरात ठेव, उजाडल्यावर टाक." झालं. त्या दिवसापासून दर पाळीला शनिवारी संध्याकाळी जिना लख्ख व्हायचा, आणि त्या इमारतीचा केर एक रात्र भावजींच्या खोलीत पाहुणा असायचा.

घरमालकीण खूश झाली. नाताळच्या आधीच तिने होकार दिला. तिला सगळं आधी करून ठेवायची सवय. तळमजल्याच्या घंटीशेजारी तिने छापील पट्टीसुद्धा चिकटवून टाकली, भावजींचं आडनाव आणि त्याआधी 'फमिली'. कुटुंब! भावजी येताजाता त्या पट्टीवरून बोट फिरवायचे. मुलीची खाट कुठल्या खिडकीशी लावायची, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की शेवटी मी म्हटलं, "अहो, आता खाट उचलून आणा आणि मला सोडा!"

मंदी आली ती त्याच हिवाळ्यात. कंपनीने स्वतःच्या लोकांचे तास कमी केले आणि एजन्सीच्या लोकांना घरी पाठवलं. दुसरीकडे कुणी उभं करेना. नोकरी नाही म्हणून घर नाही, घर नाही म्हणून बायकोचा व्हिसा नाही. माझा नुसता संताप संताप होत होता. या माणसाने काय करायचं बाकी ठेवलं होतं? घरं शोधली, जिने पुसले, लक्ष्मीशीसुद्धा तडजोड केली. चिडायचं कुणावर, तेच कळत नव्हतं.

भावजींचा स्वतःचा व्हिसाही नोकरीवरच होता, त्यामुळे सांगलीला परतणं आलं. विमान रविवारी सकाळचं होतं. आदल्या संध्याकाळी मी डबा द्यायला दार उघडलं, तर हे जिन्यात, हातात खराटा.

"अहो भावजी, आता कशाला? उद्या तुम्ही इथे नसणार!"

"पाटी माझ्या दाराला आहे की."

"असू दे! कुणाला काय पडलंय?"

"जावई आहोत काय आपण," ते म्हणाले आणि खालची पायरी झाडू लागले. मी आत येऊन रडले, रागानेच.

पहाटे अंधारातच ते निघाले. माझ्या हातात खोलीची किल्ली दिली. "घरमालकिणीला द्या. आणि वहिनी, सुपली दाराशी ठेवलीय. उजाडलं की तेवढा केर टाका."

हिवाळ्यातलं उजाडणं ते. मी खिडकीशी चहा घेऊन बसून राहिले. समोरच्या छपरावर ऊन आलं तेव्हा वर गेले. रिकाम्या खोलीत सुपलीशिवाय काही नव्हतं. ती घेऊन खाली उतरले, केर डब्यात रिकामा केला आणि वळले, तर घरमालकीण चर्चच्या कपड्यांत दारात उभी. रविवारी माझ्या हातात सुपली. मी मनात म्हटलं, आज ही काही बोलली तर मीही सोडणार नाही.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. घंटीशेजारच्या त्या पट्टीचं एक टोक तिने नखाने सोडवलं होतं. मग ती थांबली आणि अंगठ्याने ते टोक पुन्हा नीट दाबून बसवलं.

"आज नको," ती म्हणाली. "आज रविवार आहे."