टेपचं दुसरं टोक

सातवीच्या दिवाळीच्या सुट्टीत, तलवाड्यात केबल आलं त्या वर्षी, मी देवळाच्या पायरीवर पाच मुलांसमोर खोटं बोललो. दोन शब्दांचं. पुढे आयुष्यभर बातम्या लिहिल्या, तपासल्या, दुसऱ्यांच्या खोडल्या – ही एक कधी कोणाला दिली नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, तर क्रमाने सांगतो.

आधी खेळ सांगायला हवा. केबलवर परदेशी कुस्त्या दिसायला लागल्या आणि पाठोपाठ त्या पैलवानांची कार्डं आली. कार्डावर फोटो, खाली पाच आकडे – उंची, वजन, छाती, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या. कार्डं दोघांत सारखी वाटून घ्यायची. आपलं वरचं कार्ड बघून एक आकडा पुकारायचा. समोरच्याचा आकडा कमी निघाला तर त्याचं कार्ड आपलं आणि पुढची पाळीही आपली. सगळी कार्डं ज्याच्याकडे गेली, तो जिंकला.

गावात पहिला संच माझा होता, मामांनी औरंगाबादहून आणलेला. मग इतरांकडेही आले, वेगवेगळ्या छापाचे, आणि एक प्रश्न उभा राहिला – नवी कार्डं जुन्यांबरोबर चालवायची का? एखादं कार्ड फारच जड असलं तर खेळात काय उरतं? हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी एकदा स्वतःचंच कार्ड बाद केलं होतं. मुखवटा घातलेला एक पैलवान, पाचही आकड्यांत सगळ्यांच्या वर. ते ज्याच्या हातात जाईल तो जिंकणार, हे मी तिसऱ्या डावाला ओळखलं आणि काढून ठेवलं. त्या दिवसापासून मुलं मला पंच म्हणायला लागली. नवं कार्ड आलं की मी ते घरी नेऊन एकटाच वीस डाव खेळायचो, डावा हात विरुद्ध उजवा हात, आणि वहीत रेघा मारायचो. मगच निकाल.

दत्ता माझ्या बाकावरचा, शिंप्याचा मुलगा. त्याच्याकडे एकही कार्ड नव्हतं. कार्डाशिवाय पायरीवर बसता यायचं, खेळता यायचं नाही. त्या सुट्टीत त्याने ठरवलं – कार्डं आपणच करायची. परदेशी पैलवानांची नाही, गावातल्या तालमीतल्यांची.

पुठ्ठा आमच्या कापडाच्या दुकानातला होता, घडीच्या शर्टात घालतात तो. रुपयाचं नाणं ठेवून त्याने कोपरे गोल कापले. चित्रं त्यानेच काढली. टेप त्याच्या वडिलांचा. मोजायला मात्र दोघं लागतात – एक टोक त्याने धरलं, दुसरं मी.

आठ पैलवान मोजले. शेवटचे त्याचे चुलते, भानुदास पैलवान. छाती फुगवू नका असं त्यांना सांगावं लागलं नाही.

"श्वास सोडतो, मग मोज," ते म्हणाले. "फुगवल्यावर मोजली तर नुसती हवा मोजशील."

कुस्त्या त्यांनी गावांच्या नावांनी सांगितल्या. उमापूर, नारायणगड, मग पुन्हा उमापूर, जत्रेमागून जत्रा. बोटं संपली की परत अंगठ्यापासून. लढलेल्या चारशे बारा, जिंकलेल्या तीनशे एकाहत्तर. "हरलेल्या बी धरा," म्हणाले, "न्हाईतर मेळ बसायचा न्हाई." मी सगळं वहीत उतरवलं. खाली टेप धरणाऱ्यांची नावं लिहिली – दत्ताचं आणि माझं. असं लिहायला कोणी सांगितलं नव्हतं. मला तशी सवय होती.

त्या संध्याकाळी वीस डाव खेळलो. डाव्या हातात दत्ताची आठ कार्डं, उजव्या हातात माझी आठ. मला खरोखर बघायचं होतं – काय होईल? उंचीत आणि वजनात आमचे पैलवान हरणार, हे उघड होतं. शिवाय पुठ्ठा जाड, त्यामुळे गावचं कार्ड पाठीवरूनच ओळखू येणार आणि समोरचा लगेच उंची पुकारणार. म्हणजे हलकी पडतील? तसं झालं नाही. छापील कार्डांवर कुस्त्यांचे आकडे दोनशेच्या आत होते. तालमीतल्या तिघांचे त्याच्या किती तरी वर. त्या तिघांपैकी एक वर आला की डावा हात कार्ड ओढायचा. त्याच्यामागून एखादा नवखा आला, चाळीस कुस्त्यांचा, की पाळी उजवीकडे. पुन्हा उंची, पुन्हा वजन. मग परत कोणी तरी जुना.

दहा डाव डाव्या हाताने जिंकले, दहा उजव्याने. इतका बरोबरीचा संच मी आधी पाहिला नव्हता. आणि तो कोणी जुळवून आणलेला नव्हता – माणसं होती तशी मोजली होती, एवढंच. छापील पैलवानाची छाती कोणी मोजली असेल, आणि श्वास सोडून की फुगवून, हा प्रश्न मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा पडला.

दुसऱ्या दिवशी पायरीवर दत्ताने कार्डं मांडली. मुलं तुटून पडली. कोणी मिशी बघत होतं, कोणी आपल्या शेजाऱ्याचं वजन मोठ्याने वाचत होतं. माझा संच माझ्या मांडीवर होता. त्याला कोणी हात लावला नाही. हे कारण म्हणून पुढे करत नाही. ते त्या वेळी घडलं, म्हणून इथे लिहितो.

संतोषने विचारलं, पंच, पास का? संतोष आमच्यात सगळ्यांत मोठा.

मी म्हणालो, बाद. आकडे मनानेच लिहिलेत.

संतोषने भानुदास पैलवानांचं कार्ड उचललं. "चारशे कुस्त्या? चारशे भजी खाल्ली असतील बे." सगळे हसले. दत्ता हसला नाही, त्यांच्याशी भांडलाही नाही. तो माझ्याकडे वळला.

"कावून असं म्हणतो बे? टेप तू धरला व्हता."

मुलं माझ्याकडे बघायला लागली. अजून वेळ होता. चुकलो म्हणता आलं असतं, पुन्हा मोजू म्हणता आलं असतं – काहीही.

"मी न्हवतो," मी म्हणालो.

वही माझ्या मांडीखाली होती. तिच्यात दहा आणि दहा रेघा होत्या, आदल्या पानावर माझ्याच अक्षरात माझं नाव होतं. मी घाबरलो होतो का? नाही. दत्तावर राग होता? तोही नाही. मग काय होतं? पुष्कळदा शोधलं. सापडतं ते एवढंच – सगळे त्याच्या कार्डांकडे बघत होते. आणि मुलांनी माझ्यावर विश्वास ठेवला तो त्या मुखवटेवाल्यामुळे. खरेपणाने कमावलेलं मी तिथे वापरलं.

दत्ताने कार्डं गोळा केली, मोजायच्या त्याच टेपने बांधली आणि तो गेला. पायरीवर परत आला नाही.

आठवड्याने भानुदास पैलवान आमच्या दुकानात आले. वडील गल्ल्यावर होते, मी ताग्यांच्या घड्या घालत होतो.

"काय पंच," ते म्हणाले, "पास झालो का न्हाई मी?"

दत्ताने घरी काही सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

"झालात," मी म्हणालो.

"लई जड तर न्हाई पडलो?"

"न्हाई. बरोबरीचे."

या दोन उत्तरांतलं दुसरं खरं होतं. ते लंगोटाचं कापड घेऊन गेले. वडिलांनी मला विचारलं, कसली परीक्षा घेतली रे पैलवानांची? मी घड्या घालत राहिलो.

पुढच्या वर्षी नारायणगडच्या जत्रेला वडिलांबरोबर गेलो होतो. आखाड्याजवळ भानुदास पैलवान तीन-चार माणसांना सांगत होते, गावातली पोरं आपलं कार्ड घेऊन खेळतात, परदेशी पैलवानांच्या जोडीला. दत्ता त्यांच्या शेजारी उभा होता. मी पाच-सहा पावलांवर. एका माणसाने दत्ताला विचारलं, खरं का रे?

दत्ताने माझ्याकडे बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "ह्यानंच पास केलं."