पीठ तुडवण्याआधी

घर सोडलं त्या सकाळी माय उंबऱ्यापाशी ज्वारी पाखडत बसली होती. बॅग घेऊन घाईनं बाहेर पडताना माझा पाय सुपाला लागला. "पाय लागला न. पाया पड आदी, अन्न हाय ते," ती म्हणाली. मी बॅग खाली ठेवली, ज्वारीला हात लावून कपाळाला लावला आणि मग तिच्या पाया पडलो. वडील, म्हणजे आबा, मांजरसुंब्याच्या फाट्यापर्यंत सोडायला आले. तिथल्याच ढाब्यावर मी सहा वर्षं कणीक मळली होती. गाडी आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हात जप. त्याच्यावरच पोट हाय."

घाटनांदूरकरांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून कुठंकुठं गेलेल्यांनो, हात मी जपले. पायाचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

जपानात शिकोकू नावाच्या बेटावर उदोनच्या दुकानात कामाला लागलो. उदोन म्हणजे गव्हाच्या जाडजूड शेवया, गरम रश्शात. मालकाला सगळे ताईशो म्हणतात. सत्तरीचा माणूस, बोलणं कमी. पहिल्याच सकाळी त्यांनी मळलेलं पीठ जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून जमिनीवर ठेवलं, बूट काढले आणि चक्क त्याच्यावर चढले. टाचांनी तुडवायला लागले. अन्नावर पाय! मग म्हणाले, आता तू.

गुडघा दुखतो म्हणालो. आठ दिवस तो गुडघा दुखत राहिला. म्हातारा माणूस पीठ तुडवायचा आणि मी तिशीचा गडी भांडी घासायचो. लाज वाटायची, पण भीती त्याहून जास्त. नवव्या दिवशी ताईशो शांतपणे म्हणाले, ज्याला तुडवता येत नाही त्याला शेवया येत नाहीत. महिनाअखेर तुला परत पाठवावं लागेल. परत येऊन काय तोंड दाखवणार होतो? धुतलेले मोजे घातले, वाकलो, पिठाला हात लावून कपाळाला लावला. ताईशोंना वाटलं, पीठ तपासतोय. चढलो तेव्हा पाय लटलट कापत होते. तळव्याखाली ते मऊ मऊ दबत होतं आणि मला मायचा चेहरा दिसत होता.

फोनवर तिला सांगितलं, इथं सगळं मशीनवर मळतात. दोन वर्षं हेच सांगत राहिलो.

मग एका गिऱ्हाइकानं माझा तुडवतानाचा व्हिडिओ काढला आणि इंटरनेटवर टाकला. तो फिरत फिरत गावी पोचला. चुलतभावाचा मेसेज आला, "काकूला दावला तुजा व्हिडिओ. लई भारी बे." चार दिवस मी घरचा फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी उचलला.

"चप्पल घालून तुडवतो का?" मायनं विचारलं.

"न्हाई माय. धुतलेले मोजे असतात."

"आन् आदी पाया पडतो?"

"पडतो. रोज."

"मंग कावून भेला? खळ्यावर बैलामागं तूच फिरायचा की कणसं तुडवत. पाया पडून पाय ठिवला तर अन्न रागवत न्हाई."

त्या दिवशी मी दुकानामागं जाऊन पोटभर रडलो.

आता तुडवायचं सगळं काम माझ्याकडंच आहे. ताईशोंचे गुडघे खरोखर दुखतात. पण मला आता वेगळीच भीती वाटते. परवा दाराबाहेर रांग लागली होती, घाई होती. पीठ ठेवलं, चढलो, तुडवलं. लाटून, कापून, उकळून झालं, आणि गिऱ्हाइकापुढं वाडगा ठेवताना लक्षात आलं, मी वाकलोच नव्हतो. पाय कापलेही नव्हते. गावाकडच्या वाटा, शेताचे बांध हळूहळू पुसट व्हायला लागलेत, ते मी सोसतो. पण घर म्हणून माझ्यापाशी इथं उरलंय ते तेवढं वाकणं. तेही असं नकळत सुटलं तर?

त्याच संध्याकाळी मायचा फोन आला. ठेवता ठेवता ती रोजच्यासारखं म्हणाली, "पाया पडतो न?"

"पडतो," मी म्हणालो. मशीनचं खोटं बोललो होतो, तेव्हाही इतका भ्यालो नव्हतो.