एकशे आठ चेंडू

देवावर माझा विश्वास लहानपणापासून पक्का, पण खरं सांगायचं तर त्याहून पक्का विश्वास माझा माझ्यावर होता. देवीला काय लागतं, किती लागतं, कोणत्या वारी लागतं, हे तिच्यापेक्षा मलाच जास्त कळतं अशा थाटात मी वागत आले. ज्या वर्षी माझ्या मुलीच्या कोपरानं आम्हाला घोर लावला, त्या वर्षी पहिल्यांदा मनात आलं की ही भक्ती आहे की देवीवर चालवलेली हुकमत. त्या शंकेचं पुढं काय झालं, ते घडलं तसं सांगते. त्यात चमत्कार होता की नव्हता हे ज्यानं त्यानं ठरवावं.

छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि माझी बदली भोपाळहून रायपूरला झाली. नव्या राजधानीत कुठलंच ऑफिस धड बसलेलं नव्हतं. फायली खोक्यांत, जिकडेतिकडे उकरलेले रस्ते, आणि रोज नव्या टेबलाचा शोध. यजमान रेल्वेत, अर्धा महिना गाडीवर. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. माहूरची रेणुका आमची कुळदेवी, आणि रायपुरात आल्यावर पुरानी बस्तीतल्या महामायेला मी तिच्याच जागी मानलं. ब्राह्मणपाऱ्यात भाड्यानं घर मिळालं, मागं अंगण होतं. मुलगी प्राची शाळेत बेसबॉल खेळू लागली आणि चौदाव्या वर्षी संघाची पिचर झाली. पिचर म्हणजे चेंडू टाकणारी, क्रिकेटमधली बोलर म्हणा ना. फरक एवढाच की हिला कोपर वाकवून तो जोरानं भिरकवावा लागतो. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण प्रशिक्षक म्हणाले की पोरीच्या हातात गुण आहे, मेहनत हवी. मेहनत कशी करून घ्यायची ते मला पुरेपूर ठाऊक होतं.

अंगणाच्या भिंतीला मी जुनी गादी टांगली आणि तीवर खडूनं चौकोन काढला. संध्याकाळी ऑफिसातून आले की पाटावर तुळशीची माळ घेऊन बसायची. प्राचीनं चेंडू टाकला की मी एक मणी ओढायची आणि मनात देवीचं नाव घ्यायची. एक माळ, एकशे आठ चेंडू, रोज. जपही होतो, सरावही होतो, एका दगडात दोन पक्षी. प्रशिक्षकांना हे कधी सांगितलं नाही. देवाचं काम कुणाला विचारून करायचं असतं का, असं मला वाटे. कधी ती थकून थांबली की मी म्हणायची, ‘माळ अर्धवट सोडू नये बेटा, दोष लागते.’ आणि ती पुन्हा हात उचलायची. तेव्हा मला तिचं फार कौतुक वाटायचं.

एका सकाळी ती डाव्या हातानं पोहे खाताना दिसली. मी आधी रागावले, हे सांगताना आजही लाज वाटते. मग पाहिलं, तर उजवं कोपर आतल्या बाजूनं सुजलेलं, हात सरळ होत नव्हता. किती दिवसांपासून दुखतंय म्हणून विचारलं, तर म्हणाली दोन महिने. ‘मग काहून नाही सांगितलं मले?’ आमची पोरगी मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच देते. ताटाकडे बघतच म्हणाली, ‘बीच में माला नहीं छोड़ते, आप ही तो बोलती हो।’

डॉक्टरांनी दोन्ही कोपरांचे एक्स-रे शेजारी शेजारी लावले. या वयात हाड अजून वाढत असतं, आणि वाढीच्या जागेवरचा एक तुकडा स्नायूंच्या ओढीनं जरासा सुटला होता. रोज किती चेंडू टाकते, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, एकशे आठ. ‘ये किसने बताया?’ म्हणत त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. सहा आठवडे चेंडूला हात नाही, मालिश तर मुळीच नाही, मग पुन्हा एक्स-रे. हाड जुळलं तर हळूहळू खेळता येईल. आणखी सुटलं तर ऑपरेशन, आणि मग पुन्हा पिचर होईल की नाही याची खात्री कुणी देऊ शकत नाही, असं ते म्हणाले. राज्याच्या संघाची निवड चाचणी पाच आठवड्यांवर होती.

एवढं होऊनही माझी खोड गेली नाही. मी देव पाण्यात घालून बसले. पहाटे अकरा माळा, मंगळवारी उपास, आणि देवीला स्पष्ट अट की चाचणीच्या आधी हात बरा व्हायलाच हवा. मनातून मी पार पोखरून गेले होते. ज्या माळेनं पोरीचा हात दुखावला तीच माळ आणखी जोरात ओढत होते, कारण दुसरं काय करायचं ते मला येतच नव्हतं. यजमान ड्युटीवरून आले, दोन दिवस माझा तो धडाका पाहिला आणि म्हणाले, ‘देवीले टाइमटेबल देऊन राहिली का तू? पोट्टीचा हात आहे तो, ऑफिसची फाइल नाही.’ मला राग आला. खरं बोललेलं लागतंच.

पाचवा आठवडा लागला आणि प्राची म्हणाली, आता अजिबात दुखत नाही. सूज गेली होती, हात सरळ होत होता. रविवारी चाचणी होती. माझ्या मते देवीनं ऐकलं होतं. मंगळवारी दर्शन घ्यायचं, चेंडू देवीच्या पायाला लावून आणायचा आणि तसंच मैदानावर जाऊन एकवीस चेंडू टाकून बघायचे, असं मी ठरवून टाकलं. डॉक्टरांना विचारायची गरज वाटली नाही. प्राची स्कूटरवर मागं गप्प बसली होती, आणि ते मी श्रद्धा समजले.

देवळात गर्दी होती. पुजाऱ्यांनी चेंडू घेतला, देवीच्या पायाशी ठेवला, आमच्या हातावर प्रसाद ठेवला आणि मागचे लोक रेटू लागले तसं आम्हाला पुढं काढलं. चेंडू तिथंच राहिला. बेसबॉलचा चेंडू तेव्हा रायपूरच्या दुकानांत मिळत नसे, आमच्याकडं तो एकच. परत मागायला मी गर्दी कापत निघाले, तोच खांबाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं प्राचीला हाक मारली. तिला आपली पोटली बांधून हवी होती. तिचं उजवं कोपर विळ्यासारखं वाकलेलं होतं, हात पोटाच्या पुढं जातच नव्हता. प्राचीनं गाठ मारता मारता विचारलं, दादी, हाथ को क्या हुआ? म्हातारी सहज सांगू लागली. लहानपणी चिंचेवरून पडली, हाड मोडलं, बांधलं. ‘बने लागिस, त धान लुए बर भेज दिन।’ बरं वाटायला लागलं, म्हणून धान कापायला पाठवलं. मग तो हात कधी सरळ झाला नाही.

मी थबकले. म्हातारीनं मला विचारलं, कुठं निघालीस. पोरीचा चेंडू देवीपाशी राहिला, तो मागायला, मी म्हटलं. तिला चेंडूशी काही देणंघेणं नव्हतं. पोटली काखेत घालून उठत ती म्हणाली, ‘देवी ला दे दे हस, त अब ओकरे मेर रहन दे।’ देवीला दिलंस ना, मग आता तिच्याचपाशी राहू दे. एवढं बोलून ती गेली. मी प्राचीकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते. ‘मम्मी, सच्ची बोलूँ? मुझे डर लग रहा था।’ मला तिथंच रडू कोसळलं. लोक बघत होते, बघू दिले. मैदानावर न जाता आम्ही घरी आलो.

चाचणीला प्राची गेली नाही. दुसरी मुलगी निवडली गेली, आणि त्या संध्याकाळी प्राची बाथरूमचं दार लावून खूप वेळ रडली. मी दाराबाहेर बसून राहिले. आपण ऐकलं ते देवीचं की नुसती भीती, असंही तेव्हा वाटून गेलं. त्या दिवसांत मी काही मागितलं नाही. समईसमोर बसायची आणि म्हणायची, तुझी पोरगी आहे, तू बघ. हे वाक्य तोंडाला सोपं आहे, पोटात उतरायला मला बरेच दिवस लागले. सहा आठवड्यांनी एक्स-रे काढला. हाड जुळत आलं होतं. डॉक्टर म्हणाले, दुखणं थांबतं आणि हाड अजून कच्चं असतं, तोच आठवडा फसवा. त्या दिवसांत जोर दिला की तुकडा निखळतो आणि पोरं ऑपरेशनच्या टेबलावर येतात. मी हात जोडले, त्यांना आणि मनातल्या मनात आणखी दोघींना. ती म्हातारी पुढं एका मंगळवारी पुन्हा दिसली. मी पाया पडले, तर तिनं मला ओळखलंही नाही.

प्राची पुढं दोन वर्षांनी राज्याच्या संघातून खेळली, आणि आमच्याकडचे लोक कृपा म्हणून तेवढंच सांगतात. माझी कृपा त्याच्या कितीतरी आधीची आहे. डॉक्टरांनी पहिल्यांदा चेंडू टाकायची परवानगी दिली त्या दिवशी प्राची मला म्हणाली, आप मत आना. मी गेले नाही. घरी भाजी चिरत बसले, जीव मैदानावर. ती आली, पाय धुतले, जेवायला बसली. मी वरण वाढलं, भात वाढला, वर तूप वाढलं. शेवटी तीच म्हणाली, ‘पूछोगी नहीं?’

‘तू सांगशील तवा ऐकीन.’

तिनं एक घास घेतला, उजव्या हातानं. ‘पंद्रह बोले थे। नौवें पे थोड़ा दुखा, तो मैं रुक गई।’