उलटा हात

काका आणि मी बोईसरला ओटे आणि बाथरूम बसवायचो. कडाप्पा, लाद्या, नळ आणि शेवटी गिझरची वायर, सगळं आम्हीच करायचो. ऐंशीच्या दशकात घरोघरी गिझर आले, तसं एका कारखान्याच्या कॉलनीतल्या कंत्राटदाराने सांगून टाकलं, वायरीला हात लावणाऱ्याकडे प्रशिक्षणाचा दाखला हवा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. आता बोला! चिंचणीच्या आमच्या एकत्र घराची चूल त्या कॉलनीवरच पेटायची. माझं डोकं असं भडकलं की काकानेच मला दंडाला धरून बाहेर काढलं.

त्या दाखल्यासाठी दर रविवारी एका शाळेत आमचा वर्ग भरायचा. पोरांच्या बाकात गुडघे मुडपून काका बसायचा, तोंडातल्या तोंडात धडा घोकायचा. मला ते बघवायचं नाही. पण तो कुरकुरला नाही. फेज, न्यूट्रल, अर्थिंग, त्याने सगळं पाठ केलं.

एक सवय मात्र सुटेना. वायर उघडली की तो आधी हाताची पाठ तिला टेकवायचा, मगच बोटांत धरायचा. त्याला कारण होतं. माझे वडील त्याच्याच जोडीने काम करायचे. एका बाथरूममध्ये मेन बंद आहे असं समजून त्यांनी वायर पकडली आणि मूठ बसली ती सुटलीच नाही. काका शेजारच्या खोलीत लादी घासत होता. मलाही त्याने पहिला धडा तोच दिला होता, उलटा हात लाव, झटका बसला तर हात फेकला जातो.

परीक्षेला आधी माझा नंबर लागला, मी पास झालो. मग काका. त्याने मेन बंद केला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकला, टेस्टर लावून बघितला. सगळं बरोबर चाललं होतं. आणि वायर धरायच्या आधी त्याचा हात आपोआप उलटा झाला. मी मनात म्हटलं, मेलो!

"हे काय केलंत?" परीक्षक म्हणाले.

"खात्री केली, साहेब."

"टेस्टरने केलीत ना?"

"टेस्टर कदी कदी फसवतो. माजा भाऊ मूठ बसून गेला, साहेब."

परीक्षकांनी हातातला कागद खाली ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "टेस्टरवर भरवसा नसेल तर बल्ब लावून बघा. पण हात लावायचा नाही. उलटाही नाही. पाय ओले असतील तर उलट्या हातानेही माणूस जातो." आणि त्यांनी काकाला नापास केलं. पुढच्या वेळी पुन्हा बसा म्हणाले. काकाने मान हलवली, "नाय जमायचं. हात ऐकत नाय माजा."

मी बाहेर येऊन परीक्षकांना नाही नाही ते बोललो. त्यांचं बरोबर होतं, म्हणून तर जास्तच संताप येत होता. एसटीत काका खिडकीबाहेर बघत बसला. यापुढे तो फक्त लाद्या बसवणार आणि वायरीचं काम मी एकटा करणार, हे दोघांनाही कळलं होतं.

दारातच काकूने विचारलं. "नापास," काका म्हणाला. काकू आत गेली आणि साखरेची वाटी घेऊन आली.

मी उसळलो. "काकू, माझ्या पास होण्याची साखर आज वाटतेस? याच्याकडे बघ जरा!"

"तुजी नाय रं, याचीच हाय," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "तुजा बाप गेल्यापासून हा दारात दिसेपर्यंत घास उतरत नाय मला. सुटले मी आज."

तिने काकाच्या तोंडात साखर घातली, माझ्या हातावर ठेवली. मग वाटी आईपुढे धरली. आईने हात पुढे केला नाही. ती माझ्याकडे बघत होती.