प्लास्टिकमधली शाल

अध्यक्षीणबाईंचं बोट कुंकवात बुडालेलं होतं. माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "कुलदैवत कुठलं गं तुमचं?"

माझं आडनाव दोन्हीकडे चालतं. त्यांच्यातही सापडतं, आमच्यातही. म्हणून तोवर मी 'आपलीच पोरगी' होते.

मी म्हटलं, "कुलदैवत नाही. आजोबांनी धर्म बदलला. आम्ही बौद्ध."

बोट थांबलं. करंड्याच्या काठाला पुसलं गेलं. बाई शेजारणीकडे वळल्या आणि तिच्या पैठणीचं कौतुक करू लागल्या. मला कुंकवाची हौस नव्हतीच. पण परत गेलेलं बोट मी पाहिलं.

सिंगापूरच्या तांजोंग पगारमधल्या एका उंची सोसायटीचा, कॉन्डोचा हॉल. मराठी मंडळींचा समारंभ. सत्कारमूर्ती मी. सगळे बँकांमधले, सूटबूटवाले. पीआर म्हणजे इथले कायमचे रहिवासी झाले, काही नागरिकही झाले. जात मात्र कपड्यांच्या घडीत घालून आणली. विमानतळावर दाखवली नाही, एवढंच.

मी अमेरिकेत, ओहायोत जन्मले. बाबा नांदेडहून तिकडे शिकायला गेले होते. मी कॉलेजच्या टीमकडून फुटबॉल खेळले, मग व्यावसायिक लीगमध्ये. मिडफिल्डर. गोल करणारीचा फोटो येतो, गोल अडवणारीचाही येतो. मधे ऊर फुटेस्तोवर धावणारीला कुणी विचारत नाही. दोन क्लबांनी मला काढलं. गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पुन्हा उभी राहिले. आता शेवटची वर्षं सिंगापूरच्या एका क्लबकडून खेळतेय. पुढं कोच व्हायचंय. या मंडळींच्या मुलींची टीम होती, कोच नव्हता. दर रविवारी मी शिकवायचं ठरलं, त्या आनंदात हा सत्कार. आणि मला त्या मुली हव्या होत्या. मराठीत भांडणाऱ्या, चिखलात लोळणाऱ्या मुली ओहायोत मला कधी मिळाल्या नव्हत्या.

बातमी पोह्यांच्या आधी हॉलभर फिरली. शाल अध्यक्षीणबाई पांघरणार होत्या. त्यांनी ती प्लास्टिकमधून काढलीच नाही. पिशवी टेबलावर ठेवली, वर नारळ ठेवला. हाताला हात लागायला नको. म्हणाल्या, "घ्या."

पहिल्या रांगेत त्यांची लेक बसली होती, टीमची जर्सी घालून. ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "ममा, व्हाय यू नेव्हर पुट शॉल फॉर हर?"

"तू गप्प बस."

सूत्रसंचालकाला वाटलं, विनोदानं निभावून न्यावं. माईकवर म्हणाला, "काय हो मॅडम, अमेरिकेतल्या फुटबॉलमध्येपण कोटा असतो का?"

हॉल हसला. दबक्या आवाजात, रुमाल तोंडाला लावून. हलकटपणा करायचा, तोही सभ्यपणे. कीव आली मला.

आणि बाबा आठवले. ओहायोत ते दर गणपतीला तिथल्या मराठी मंडळात राबायचे. खुर्च्या मांडायचे, भांडी घासायचे. एका वर्षी एकदम थांबले. मी विचारलं तर म्हणाले, "तिथं पार्किंग मिळत नाही बेटा." ओहायोसारख्या मोकळ्या मुलखात पार्किंग मिळत नाही! मी विश्वास ठेवला होता. त्या नारळासमोर उभी असताना मला बाबांचं पार्किंग कळलं.

अंगाची लाही झाली. रडू मात्र आलं नाही. मी माईक घेतला.

"असतो ना. मैदानात अकराच जणींना जागा असते. माझी जागा मी पायांनी घेतली. तुम्ही तुमची जन्मानं घेतलीत. आता सांगा, कोट्यातलं कोण?"

शाल आणि नारळ टेबलावरच ठेवून मी निघाले.

दोन दिवसांनी अध्यक्षांचा, म्हणजे बाईंच्या नवऱ्याचा, फोन आला. आवाजात साखर. "मॅडम, झालं गेलं विसरा. मुली मागे लागल्यात. रविवारी या. फक्त ते बौद्धबिद्ध मुलींसमोर नको. इथं आपण कुणी जातपात मानत नाही."

हे मानत नाहीत, म्हणून लपवायचं मी! वा रे शहाणे.

तरी मोह झाला. खोटं कशाला बोलू? जर्सीतली ती पोरगी डोळ्यांसमोर आली. एक 'हो' म्हटलं असतं, की सगळ्या मुली माझ्या होत्या. बाबाही असेच किती वर्षं 'हो' म्हणत राहिले असतील.

"त्या अटीवर नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मी शिकवणार आहेच. रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला, शिपयार्डाजवळच्या सेम्बावांगच्या मैदानावर. चेंडू माझा, शिट्टी माझी. बँकवाल्याची लेक येवो, नाहीतर शिपयार्डातल्या कामगाराची. पहिला पास देण्याआधी मी सांगणार, मी कुणाची नात, आजोबांनी देव घराबाहेर का काढले आणि बाबांनी मंडळात जाणं का सोडलं. ऐकून जिला घरी जायचंय तिनं जावं. एकही उरली नाही, तर भिंतीवर चेंडू मारीन.

पण पार्किंग मिळालं नाही, असं मी कुणालाही सांगणार नाही.